तित्तराच्या मागे

आजचं वाचन: स्तोत्रसंहिता ३४:११–१४ आणि १ शमुवेल २६:१३–२०



आज ३० सप्टेंबर. १९८९ साली याच तारखेला अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियामध्ये, एक गृहस्थ वारले. वय वर्षं शंभर. नाव होरेस अलेक्झांडर. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, दोन महिन्यांपूर्वी मीही ऐकलं नव्हतं. जन्माने इंग्रज, पेशाने शिक्षक, उपासनेला जायचे ते क्वेकर मंडळीत, गांधीजींचे जवळचे मित्र, आणि लहानपणापासून शेवटपर्यंत पक्ष्यांचं वेड. ८५ व्या वर्षी त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याचं नावच आहे 'सत्तर वर्षांचं पक्षीनिरीक्षण'.

या आठवड्यात आपण स्तोत्र ३४ वाचतोय. आजच्या भागाशी या माणसाचा काय संबंध, ते सांगतो. पण आधी स्तोत्राकडे येऊ.

काल म्हटल्याप्रमाणे हे स्तोत्र मूळ इब्रीमध्ये बाराखडीच्या क्रमाने लिहिलेलं आहे. प्रत्येक वचन पुढच्या अक्षराने सुरू होतं, मध्ये एक अक्षर गळलंय आणि शेवटी एक वचन जादा आहे. (प्रॉडक्शनमध्ये इतकं चालतं.) म्हणजे हे पाठ करण्यासाठी, शिकवण्यासाठी रचलेलं आहे. आणि ११ व्या वचनात दावीद खरोखरच शिक्षक होतो. मुलांना जवळ बोलावतो आणि १२ व्यात प्रश्न टाकतो. कुणाला जगायला आवडतं? कुणाला भरपूर दिवस हवेत, आणि त्या दिवसांत चांगलं बघायला हवंय?

वर्गात सगळे हात वर करतील असाच प्रश्न आहे. आणि उत्तर तीन गोष्टींचं आहे. जीभ सांभाळ. वाईटापासून वळ, चांगलं कर. आणि तिसरी गोष्ट शांतीची: ती शोध, आणि शोधून झालं की तिच्या मागे जा.

इथे मी अडकलो. कारण माझ्या डोक्यात शांती म्हणजे भांडण नसणं. कुणी भांडत नाही, कुणी फोन करत नाही, सगळं कसं शांत. तसली शांती शोधावी लागत नाही. दार लावलं की झालं. मग दावीद 'मागे जा' का म्हणतोय? शांती काय पळून चाललीय?

इब्रीमध्ये दोन क्रियापदं आहेत. 'बक्केश' म्हणजे शोधणं, आणि 'रादाफ' म्हणजे पाठलाग करणं. हे दुसरं क्रियापद काही गोड नाही. शत्रूच्या मागे धावणं, माणसाचा पिच्छा पुरवणं, छळ करणं, या सगळ्याला इब्रीत हाच शब्द येतो. शौल दावीदाच्या मागे लागला, तेव्हाही हाच.

आता आजचा दुसरा भाग काढा, १ शमुवेल २६. शौल तीन हजार माणसं घेऊन जीफच्या रानात दावीदाला शोधतोय. रात्री दावीद आणि अबीशय त्याच्या छावणीत शिरतात. शौल गाढ झोपलेला, उशाशी भाला रोवलेला. अबीशय म्हणतो, एका घावात संपवतो. दावीद नाही म्हणतो. भाला आणि पाण्याचा कुंजा उचलतो, पलीकडच्या डोंगरावर जातो, मध्ये भरपूर अंतर ठेवतो आणि तिथून हाका मारतो. २० व्या वचनात तो शौलाला जे म्हणतो त्याचा आशय असा: इस्राएलचा राजा बाहेर पडलाय कशासाठी, तर एक पिसू शोधायला! डोंगरात कुणी तित्तराचा पाठलाग करावा तसा!

बघा, त्या एका वचनात पिसवेसाठी 'बक्केश' आहे आणि तित्तरासाठी 'रादाफ'. स्तोत्र ३४:१४ मधली तीच जोडी, त्याच क्रमाने. ज्या माणसाला कुणीतरी असं शोधलंय आणि हाकललंय, तोच पुढे मुलांना शिकवतो की हे दोन्ही शब्द शांतीसाठी वापरा. शिकार झालेला माणूस शिकारीची भाषा घेतो आणि तिचं टोक बदलतो.

(एक छोटी गंमत. त्या तित्तराला इब्रीत 'कोरे' म्हणतात, म्हणजे हाका मारणारा. आणि दावीद त्या वेळी डोंगरावरून काय करत होता? हाका मारत होता. १४ व्या वचनात अबनेर विचारतोच, राजाला हाका मारणारा तू कोण?)

हे वाचत असताना मला होरेस अलेक्झांडर भेटले, खरं तर पक्ष्यांच्या बाजूने. भारतात पक्षीनिरीक्षण हौस म्हणून कसं रुजलं ते वाचत होतो. १९५० साली दिल्लीत पक्षीनिरीक्षकांची एक संस्था निघाली, ती काढणाऱ्यांत हे होते. इंदिरा गांधी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. म्हटलं, हा कोण इंग्रज, जो स्वातंत्र्यानंतरही इथेच यमुनेकाठी दुर्बीण घेऊन बसलाय? आणि मग धागा सापडत गेला.

जन्म १८ एप्रिल १८८९. चार भावांत धाकटे. वडील जोसेफ वकील होते, आणि हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये विकण्याचा जो धंदा ब्रिटिश करत होते, तो बंद व्हावा म्हणून त्यांनी उभं आयुष्य खर्च केलं. घर क्वेकर. क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सपासून सुरू झालेला पंथ, त्यांचं स्वतःचं नाव 'मित्रांची मंडळी'. युद्धात भाग घ्यायचा नाही ही त्यांची भूमिका तेव्हापासूनची आहे. त्यांच्या मूळ इंग्लिश पद्धतीच्या उपासनेत पाळक नाही, वेदी नाही, ठरलेला क्रम नाही. सगळे एका खोलीत बसतात आणि गप्प राहतात. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उभा राहून थोडं बोलतो आणि परत बसतो. कुणालाच वाटलं नाही तर तासभर शांतता, मग शेजाऱ्याशी हात मिळवून घरी. आपल्याकडे साउंड चेकलाच अर्धा तास लागतो, त्यामुळे मला याचं फार अप्रूप वाटतं. कुठलं चांगलं हा वाद नको, मला आपली गाणी आवडतात. पण तासभर गप्प बसणं ही कसरत आहे आणि ती लहानपणापासून केलेल्या माणसाला पक्षी बघायला किती सोपं जात असेल, याचा विचार करा.

आमच्या कबनूरला हे लगेच कळतं. इचलकरंजीला लागून आमचं गाव, घराला लागून मागाची शेड, शेजारी दुसरी शेड, समोर तिसरी. दिवसरात्र खडखड. त्या आवाजात जन्मलेल्याला तो आवाज आहे हेच कळत नाही. लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात आणि तेव्हा कळतं की मागच्या लिंबावर भारद्वाज घुमतोय. तो मघापासून घुमतच असतो.

होरेस आणि त्यांचा मोठा भाऊ क्रिस्टोफर, दोघांमध्ये दोन वर्षांचं अंतर. दोघे मिळून पक्षी बघायचे. त्या काळात पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बऱ्याचदा बंदूक. पक्षी मारायचा, कातडं काढायचं, मापं घ्यायची. आपल्याकडेही मुंबईच्या संग्रहातले जुने नमुने असेच जमले. या दोन पोरांनी वेगळंच केलं. नकाशा घेतला, रानात हिंडले आणि लांबून स्थलांतर करून आलेला प्रत्येक गाणारा नर कुठल्या झाडावर गातोय ती जागा नकाशावर मांडली. परत गेले, परत मांडली. असं करत गेल्यावर नकाशावर प्रत्येक पक्ष्याची हद्द आपोआप दिसायला लागली. १९०९ मध्ये या पद्धतीवर दोघांचा लेख 'ब्रिटिश बर्ड्स' या नियतकालिकात आला. होरेस तेव्हा जेमतेम विशीच्या आसपास होते. आजही पक्षीगणनेत ही पद्धत वापरतात.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. यात पाठलाग आहेच. रोज पहाटे उठून मागे जाणं आहे. फक्त हातात काही नाही. पक्षी तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्याकडे जायचं, त्याच्या हद्दीत, त्याच्या वेळेला, आणि तिथे गप्प बसायचं. दिसला तर लिहायचं. नाही दिसला तरी लिहायचं.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१६ मध्ये इंग्लंडने सक्तीची भरती सुरू केली. होरेसनी सदसद्विवेकाच्या आधारावर नकार दिला आणि त्यांना शिक्षकाचं काम करण्याच्या अटीवर सूट मिळाली. क्रिस्टोफर सैन्यात गेला. एकाच घरातले, एकाच मंडळीत वाढलेले, एकाच नकाशावर खुणा केलेले दोन भाऊ. ऑक्टोबर १९१७ मध्ये पॅशनडेलच्या लढाईत क्रिस्टोफर मारला गेला. तिशीतच होता तो.

इथे स्तोत्र १२ व्या वचनावर थांबून बघावंच लागतं. भरपूर दिवस कुणाला हवेत? धाकट्याला शंभर वर्षं मिळाली, थोरल्याला तीस. मग असं म्हणायचं का, की एकाने शांती धरली म्हणून जगला आणि दुसऱ्याने सोडली म्हणून गेला? मी प्रामाणिकपणे सांगतो, हा अर्थ मला झेपत नाही आणि मला तो खराही वाटत नाही. त्या चिखलात दोन्ही बाजूंची लाखो पोरं गेली, त्यांतली कितीतरी आईच्या मांडीवर हेच स्तोत्र शिकली असतील. याच स्तोत्राचं १९ वं वचन सांगतं की नीतिमान माणसावर संकटं पुष्कळ येतात. पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आजचीच वचनं जवळजवळ जशीच्या तशी घेतो, आणि ती कुणाला सांगतो? चांगलं वागूनही ज्यांना सोसावं लागतंय अशांना. म्हणजे पेत्राने हा काही आयुष्यमान वाढवायचा फॉर्म्युला म्हणून वाचला नाही. आणि ज्याच्या मागे पेत्र चालला, तो प्रभू तर तिशीतच वधस्तंभावर गेला.

मग १२ वं वचन काय देतं? मला वाटतं ते दिवस मोजून देत नाही, दिवसांत काय बघायचं ते सांगतं. होरेसना दिवस पुष्कळ मिळाले. ते त्यांनी कशात घातले, एवढंच आपल्याला बघता येतं.

१९१९ पासून पंचवीस वर्षं ते बर्मिंगहॅमच्या वूडब्रुक या क्वेकर कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवत होते. १९२७-२८ मध्ये वडिलांचाच अफूचा प्रश्न घेऊन ते हिंदुस्थानात आले, आणि मार्च १९२८ मध्ये साबरमतीला गांधीजींकडे राहिले. तिथून मैत्री. १९३० मध्ये गांधीजी आपल्या पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात होते आणि व्हाइसरॉय होते आयर्विन, तेही देवभीरू ख्रिस्ती. क्वेकरांनी होरेसना पाठवलं, या दोघांमध्ये काही बोलणं होतंय का बघा म्हणून. त्याच वर्षी सप्रू आणि आपले बॅरिस्टर जयकर हेही येरवड्याला खेपा घालत होते. त्या वर्षी काही जमलं नाही. गांधीजी सुटले १९३१ च्या जानेवारीत आणि करार झाला मार्चमध्ये. ऑक्टोबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेत असताना गांधीजी वूडब्रुकला येऊन राहिले. त्याच वर्षी होरेस, अगाथा हॅरिसन आणि इतर काही मित्रांनी एक गट काढला, दोन्ही देशांत समेट व्हावा यासाठी. वर्षानुवर्षं पत्रं लिहायची, मंत्र्यांना भेटायचं, एकाचं म्हणणं दुसऱ्याला नीट समजावून सांगायचं. ज्यांना यातलं जास्त वाचायचंय त्यांच्यासाठी जेफ्री कार्नल यांनी लिहिलेलं त्यांचं इंग्रजी चरित्र आहे, त्याच्या नावातच त्यांना गांधींचा दुभाषा म्हटलंय.

१९४२ मध्ये त्यांची पत्नी ऑलिव्ह वारली. त्याच वर्षी ५३ व्या वर्षी हा माणूस क्वेकरांच्या रुग्णसेवा पथकाबरोबर परत इथे आला. युद्ध चालू, जपान ब्रह्मदेशात पोचलेला. होरेस आणि त्यांचा तरुण सहकारी रिचर्ड सायमंड्स सेवाग्रामला जाऊन गांधीजींना भेटले. काही आठवड्यांतच मुंबईत ८ ऑगस्टचा ठराव झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अटक. गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये. माझी ऑफिसची कॅब रोज नगर रोडने त्या फाटकासमोरून जाते. सिग्नलला थांबलो की मी बहुतेक फोनमध्ये असतो. समेटासाठी आलेल्या माणसाच्या दृष्टीने याहून मोठं अपयश काय असेल? होरेस थांबले. ऑक्टोबरमध्ये मिदनापूरला चक्रीवादळ झालं, पुढे बंगालचा दुष्काळ पडला, ते पथक तिथे काम करत राहिलं.

आणि मग ऑगस्ट १९४७.

१३ तारखेला गांधीजी कलकत्त्याच्या बेलियाघाटा भागात हैदरी मंझिल नावाच्या जुन्या घरात राहायला गेले, बरोबर सुहरावर्दी. वर्षभरापूर्वीच्या भयानक कत्तलींसाठी हिंदू ज्यांना जबाबदार धरत होते तेच सुहरावर्दी. विचार असा की हिंदू आणि मुसलमान पुढारी एका छपराखाली राहिले तर शहर शांत होईल. होरेस त्या घरात होते. वय ५८. बाहेर संतापलेली हिंदू पोरं जमली. गेल्या वर्षी आम्हाला मारलं तेव्हा तुम्ही कुठे होता, हा त्यांचा प्रश्न. काहीजण खिडकीवर चढून आत यायला लागले. होरेसनी त्यांना थांबायला सांगितलं आणि खिडक्या लावायला घेतल्या, तेवढ्यात दगड आले आणि काचा फुटून सगळीकडे उडाल्या. हे गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांनी लिहून ठेवलंय.

आपल्याला काचा फुटणं नवीन नाही. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, नेट बंद झालं. मी पुण्यात बसून आईला फोन लावत होतो. तेव्हा मला शांती हवी होती म्हणजे काय हवं होतं? आमच्या गल्लीत काही होऊ नये, बस.

हैदरी मंझिलमध्ये पुढे काय झालं ते बघा. गांधीजींनी त्या पोरांना आत बोलावलं. बोलले, ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी परत बोलले. त्यातलीच पोरं त्यांच्या रक्षणाला उभी राहिली. १४ च्या रात्रीपासून कलकत्त्याच्या रस्त्यांवर हिंदू-मुसलमान एकमेकांना मिठ्या मारत होते. १५ ला दिल्लीत जल्लोष चालू असताना गांधीजी त्या घरात उपास करून, सूत कातत, प्रार्थनेत होते. त्यांचे महादेवभाई १९४२ मध्ये याच तारखेला आगाखान पॅलेसमध्ये गेले होते.

इथे गोष्ट संपवली असती तर पोस्ट छान झाली असती. पण ३१ ऑगस्टला जमाव परत आला, शहर परत पेटलं आणि १ सप्टेंबरला गांधीजींना उपोषण सुरू करावं लागलं. ४ तारखेला सुटलं तेव्हा कुठे शहर थांबलं. पंजाब तर जळतच होता. होरेस आणि सायमंड्स त्या शरदात तिकडे निर्वासितांसाठी फिरत होते. त्याच वर्षीचं शांततेचं नोबेल क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना मिळालं, एक ब्रिटिश, एक अमेरिकन. आणि पुढच्या जानेवारीच्या शेवटी गांधीजींचा खून झाला.

मी इंजिनिअर माणूस, मला रिझल्ट बघायची खोड आहे. हिशोब मांडला तर काय दिसतं? १९३० ची मध्यस्थी, निष्फळ. १९४२, सगळे तुरुंगात. १९४७, फाळणी. हा प्रोजेक्ट कुठल्याही कंपनीने तिसऱ्या रिव्ह्यूला बंद केला असता. आणि हा माणूस १९५० मध्ये दिल्लीत पहाटे उठून दुर्बीण गळ्यात अडकवून यमुनेवर जातोय, नव्या देशातल्या लोकांना पक्षी ओळखायला शिकवतोय. मला आधी वाटलं की थकून बाजूला झाला असेल, विरंगुळा म्हणून. आता तसं वाटत नाही. मला वाटतं त्यांच्या दृष्टीने ही दोन कामं नव्हतीच. पक्षी बघणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: आज दिसला नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही. ती वहीतली रिकामी नोंद असते, आणि ती नोंद करायला सुद्धा तिथे जाऊन बसावं लागतं. हा माझा अंदाज आहे, त्यांनी असं म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. पण सत्तर वर्षं वही लिहिणारा माणूस अपयशाकडे आपल्यासारखं बघत नसणार.

पुढचं थोडक्यात. ६९ व्या वर्षी त्यांनी रिबेका नावाच्या एका अमेरिकन क्वेकर बाईंशी लग्न केलं. ऐंशीव्या वर्षी गांधीजींवर पुस्तक लिहिलं, ८५ व्या वर्षी पक्ष्यांवर. म्हातारपण अमेरिकेत गेलं. १९८४ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिलं.

आता माझं. आधी लिहिणार नव्हतो, पण आजचं वचन तुम्हाला सांगून स्वतः बाजूला राहणं बरं दिसणार नाही.

अण्णा गेल्यावर शेडमध्ये आठ माग राहिले. दादा ते खर्चीवर चालवतो, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, मजुरी आपली. मजुरी वाढत नाही, वीजबिल वाढतं. मी म्हटलं, साधे माग आता भंगारात जातायत, जागा विकू. दादा म्हणाला, विकणार नाही. मी पुण्यातून एक्सेल शीट बनवली, पाच वर्षांचा हिशोब, लाल रंगात तोटा, आणि घरच्या ग्रुपवर टाकली. खाली एक ओळ लिहिली, ती इथे लिहीत नाही. तीन गोष्टींमधली पहिली जिभेबद्दलच आहे. बोटं पण जीभच. दादा ग्रुपमधून बाहेर पडला. त्याला दोन नाताळ झाले.

या दोन वर्षांत मी शांतीसाठी प्रार्थना केली का? केली, मनापासून. ती माझ्या दारात यावी म्हणून. दादाचा फोन यावा म्हणून. आणि घरात भांडण नव्हतंच, कारण बोलणंच नव्हतं. त्याला मी शांती म्हणत होतो.

मागच्या शनिवारी न कळवता गेलो. आई दचकली. वहिनी म्हणाल्या, "शेडात हाईत, चहा घेऊन जा जाताना." दोन कप घेऊन गेलो. दादा मागावर होता, धागा तुटला होता तो जोडत होता. मला बघितलं. माग बंद केला नाही. मी खिडकीपाशी बिमावर कप ठेवला आणि उभा राहिलो. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि मी जे म्हणायला आलो होतो ते ओरडून म्हणण्यासारखं नव्हतं. मनात म्हणत होतो, प्रभू, लाईट जाऊ दे. एरवी दिवसातनं चारदा जाते. गेली नाही.

पाऊण तास उभा होतो. चहा त्याने प्यायला, मागे न बघता. दोन तुटके धागे त्याने जोडले, तिसरा मी जोडला, लहानपणी अण्णांनी शिकवलेला तसा. तो काही बोलला नाही. संध्याकाळच्या एसटीने परत आलो आणि वहीत लिहिलं: शनिवार, कबनूर, शेड, पाऊण तास. बोलणं नाही.

येत्या शनिवारी परत जातोय. प्रार्थनेत आठवण ठेवा.

प्रभू, ज्याला शौलाने डोंगरात हुडकलं त्या दावीदाचा तू देव आहेस. आमच्या हातातले भाले काढून घे आणि आम्हाला चालायला लाव. क्रिस्टोफरसारखे जे तरुणपणीच गेले, त्यांना तू विसरला नाहीस हे आम्हाला ठाऊक आहे. आमेन.

उद्याचं वाचन: स्तोत्रसंहिता ३४:१५–१८.